पापुद्र्याखालचं तूप

आत्यांनी भाकरीचा पापुद्रा उचलला. आत तूप चकाकत होतं. भाकरी त्यांनी स्वतः कोरडीच वाढून घेतली होती. त्या हात धुवायला वळल्या तेवढ्यात मामांनी तूप सोडलं होतं. आत्यांनी ती भाकरी माझ्या ताटात सरकवली. "तू खा गं, रत्ना. तुझ्या अंगावर लेकरू पितंय."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, चंद्राबाई; मामा म्हणजे सासरे. दोन वर्षांपूर्वी त्यांचं छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. केमोत इतक्या वाळल्या की मामा त्यांना लेकरासारखं उचलून जीपमध्ये बसवायचे. बऱ्या झाल्यावर आमच्या मार्गासनी गावातल्या घराघरातून काहीबाही यायला लागलं. डिंकाचे लाडू, खीर, भातावर तुपाची धार. अंग भरत गेलं तसे मामा खुलत गेले. मग पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आजार गेलाय, पण एवढं वजन अंगावर ठेवू नका; पुढं धोक्याचं आहे.

आत्यांनी भात निम्म्यावर आणला. मटकी, पालेभाजी वाढवली. माझ्या बाळंतपणाचे लाडू त्यांनीच वळले. कोपरापर्यंत तूप ओघळलं, पण बोट चाटलं नाही. आणि सकाळी धारा काढून झाल्या की गावाबाहेरच्या चढापर्यंत चालायचं, रिकाम्या हातानं. डोक्यावर भारा नाही, काखेत हंडा नाही, अशी चालणारी बाई आमच्याकडे कुणी पाहिलेली नाही. शेजारच्या ठकुबाई ओट्यावरून विचारायच्या, "काय गं, राजगड घ्यायला निघाली का?"

पण आत्यांची चोळी सैल व्हायला लागली तशी ठकुबाईंची थट्टा बंद झाली. मग एक दिवस त्यांनी मला हळूच विचारलं, ते दुखणं परत आलं का गं? गोठ्यातून मामांनी ते ऐकलं.

भाकरीत तूप सोडलं त्या दुपारी मामांच्या ताटातला घास तसाच राहिला. "तू बारीक व्हाया लागली की मला त्यो दवाखानाच दिसतो," ते खाली बघत म्हणाले.

आत्या मग त्यांच्या वाटीत उसळ वाढत म्हणाल्या, "तवा मला आजार वाळवत हुता, आवं. आता माझी मी उतरतीया. ह्यात लई फरक हाय. पटत नसंल तर उद्या चढापतुर या माझ्यासंगं."

दुसऱ्या दिवशी मी बाळाला कोवळ्या उन्हात घेऊन अंगणात बसले होते. मामांनी टोपी घातली, चपला घातल्या आणि आत्यांच्या मागं निघाले. आमच्या अंगणातून चढ पुरा दिसतो. अर्ध्यावर मामा थांबले, गुडघ्यांवर हात टेकून वाकले. आत्या बऱ्याच पुढं होत्या. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. फक्त थांबल्या, डोईवरचा पदर खाली घेतला आणि केमोनंतर नव्यानं आलेल्या केसांचा एवढासा अंबाडा सोडून पुन्हा बांधायला लागल्या. सावकाश, मामा जवळ येईपर्यंत.