काचेच्या नळीतला बुडबुडा

तीन नंबरच्या काचेच्या पेटीतलं बाळ नऊशे ग्रॅमचं, म्हणून नर्सांनी लाडानं त्याचं नाव ठेवलं पैलवान. एकोणीस दिवस पैलवानाच्या घशात नळी आणि श्वास मशीनचा. पायाला बांधलेला लाल दिवा ऑक्सिजन दाखवायचा, त्याचं काही म्हणणं नव्हतं. खरी मेख कार्बन डायऑक्साइडची. तो अंगातून नीट बाहेर पडतोय का, हे रक्त तपासल्याशिवाय कळायचं नाही. मागच्या आठवड्यात नळी काढून बघितली, तर अर्ध्या तासात पोर निळं पडलं. नळी परत घालताना भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आता मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलेलं, आकडा पन्नासच्या खाली आला तरच आज काढू.

सिस्टरबाईंनी टाच टोचली आणि काचेच्या बारीक नळीत रक्त घेतलं. मधोमध मोहरीएवढा हवेचा बुडबुडा आला. तो त्यांना दिसला, अगदी स्वच्छ दिसला. पण परत टोचायचं त्यांच्या जिवावर आलं. एवढ्याशानं काय होतंय, म्हणत त्यांनी नळी यंत्रात घातली.

आकडा आला बेचाळीस!

झालं, बाई बाहेर धावल्याच. बाकावर आई बसली होती. "अगं, बेचाळीस! आज पैलवान तुझ्या कुशीत!" आईनं त्यांना मिठीच मारली आणि हसता हसता रडायला लागली. एकोणीस दिवसांत तिनं पोराला नुसतं बोट लावलं होतं.

परत आत येताना मात्र बाईंनी यंत्रातून आलेला कागद नीट बघितला. त्यावरचा ऑक्सिजनही भलताच चांगला होता, त्या फुफ्फुसांना न शोभणारा. बुडबुड्यातली हवा रक्तातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, आपला ऑक्सिजन त्यात सोडते आणि आकडे गोड दिसतात. हे त्यांनी स्वतः वीस पोरींना घसा फोडून शिकवलं होतं. वा रे शिकवणारी!

डॉक्टरीणबाई हातमोजे चढवून पेटीपाशी उभ्या होत्या.

"थांबा. रक्ताच्या नळीत बुडबुडा होता. मी बघितला होता."

"आणि आता सांगताय?"

बाईंनी दुसरी टाच धरली. पैलवान रडला, पण घशात नळी, आवाज कुठून येणार! नुसतं तोंड वासलं. या वेळी रक्त सलग आलं आणि आकडा आला अडुसष्ट.

"नळी राहू दे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आईला तुम्हीच सांगा."

आई आतल्या खुर्चीत येऊन बसली होती. हात कोपरापर्यंत धुतलेले, पोराला उघड्या छातीशी घ्यायला पुढची बटणं सोडलेली. बाईंनी एका दमात सगळं सांगून टाकलं. बुडबुडा, आपली चूक, खरा आकडा. शिव्या खायची त्यांची तयारी होती. खाल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आईनं त्यांची बाही धरली.

"दुसराच आकडा चुकला असेल, सिस्टर. पहिला बरोबर असेल. परत एकदा टोचा ना."

"अगं..."

"एकदाच. तो काही म्हणणार नाही."

बाईंना तिथंच जमीन दुभंगावी असं वाटलं. त्या तिच्या पायाशी खाली बसल्या आणि तिची बटणं एकेक करून लावू लागल्या.