घरच्यांनी जिंकायचं नसतं

दुपारची शाळा भरायच्या आधीच ओतिलियाबाईंचा घसा बसलेला असायचा. सकाळची एक शाळा उरकायची, बसमध्ये उभ्याउभ्या मक्याच्या पिठाचा उकडलेला गार तमाल अर्धामुर्धा पोटात ढकलायचा आणि इथे येऊन पुन्हा तोच घाणा. देवाने मास्तरणीला घसे तरी दोन द्यायचे होते, असं त्या रोज म्हणत आणि रोज खडू उचलत.

तिसरीच्या पोरांच्या डोक्यात इंग्रजीतलं 'अ' आणि 'अ‍ॅन' काही केल्या शिरेना. त्यांच्या भाषेत गाय बाई आणि बूट बुवा, म्हणून 'अ' बुवांचा आणि 'अ‍ॅन' बायांचा समजून ती बुटाला 'अ' लावायची आणि गाईला 'अ‍ॅन'. लिहून लिहून हात मोडला, तेव्हा बाईंनी लोतेरिया काढली. गावात कुठल्या घरात हा खेळ नाही? बाई चित्रांचे पत्ते एकेक करून पुकारायच्या. ज्याच्या तक्त्यावर ते चित्र असेल त्याने त्यावर राजम्याचा दाणा ठेवायचा. तक्ता भरला की "लोतेरिया!" म्हणून ओरडायचं, आणि मग उभं राहून सगळी चित्रं 'अ', 'अ‍ॅन' लावून वाचायची. पोरं खुळावली. बाजारात पहाटेपासून हमाली करून वर्गात पेंगणारा चुचोसुद्धा एकदा जिंकला.

जिंकली नाही ती एकटी मिरेया. जत्रेवाल्याची पोर. बापाचा लोतेरियाचाच तंबू होता. तंबू उभारताना त्याचा पाय मोडला, जत्रा पुढच्या गावाला निघून गेली आणि हे कुटुंब मागे राहिलं. पोर दहा वर्षांची, पण लिहिणं कच्चं, आणि काही विचारलं की नजर जमिनीला.

"बाई, बास झालं," मुख्याध्यापक फिदेन्सियो सर त्या दिवशी दारातच म्हणाले. "उद्यापासून तिला पहिलीत बसवा."

"सर, पहिलीची पिल्लं तिच्या कमरेला लागतील."

"मग मी काय करू? लोतेरियावाल्याची मुलगी, आणि एक डाव जिंकता येत नाही! आईला सांगून झालंय माझं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, शेंबड्यांत बसवणार असाल तर घरीच राहू दे, टॉर्टिया तरी थापेल. हे बघा, आज मी मागे बसतो. जिंकली तर ठेवू."

बाई भांडल्या नाहीत. भांडायला अंगात बळ लागतं. उलट, चला, एक पोर कमी, असंच त्यांच्या मनात आलं, आणि मग स्वतःचीच शिसारी आली.

खेळ झाला. मिरेया गप्पच. शेवटी पुढच्या बाकावरची हासिन्ता ओरडली, उभी राहून धडाधडा वाचून गेली. सरांनी मागून बाईंकडे बघून खांदे उडवले.

दाणे गोळा करायचं काम मिरेयाचं. ते तिने आपणहूनच अंगावर घेतलं होतं. डबा घेऊन ती उठणार, तेवढ्यात बाईंची कंबर भरून आली आणि त्या तिच्याच बाकावर टेकल्या. समोर मिरेयाचा तक्ता होता. एकही चित्र उघडं नव्हतं.

"हा कधी भरला गं?"

"छत्रीला."

छत्री हासिन्ता ओरडायच्या कितीतरी आधी पुकारली होती. "मग ओरडली का नाहीस, मेले?"

"घरच्यांनी जिंकायचं नसतं."

"कुणाच्या घरच्यांनी?"

"पुकारणाऱ्याच्या." मिरेया इतकं पहिल्यांदाच बोलत होती. "आपण नुसती बाकं भरायला बसायचं. तक्ता भरला तरी तोंड उघडायचं नाही. घरचं माणूस जिंकलं की लोकांना लबाडी वाटते, उठून जातात. बाबा म्हणतात, मग तंबूत कुत्रं येत नाही."

"अगं, पण मी काय तुझ्या घरची आहे?"

"डबा माझ्याकडे असतो ना? अर्धा तमालसुद्धा तुम्ही मलाच देता."

इतके दिवस ही पोर बाईंचा धंदा राखत बसली होती, आणि त्या तिला मठ्ठ समजत होत्या.

"बरं, मीच सांगते ना, पुढच्या डावाला ओरड."

मिरेयाने मान हलवली. "तुम्ही सांगितल्यावर तर खरीच लबाडी."

आता या शहाणीला काय म्हणावं! बाई कशाबशा उठल्या आणि पत्ते थेट मागच्या खुर्चीपर्यंत घेऊन गेल्या.

"सर, माझा घसा पार गेला. एक डाव तुम्ही पुकारा."

सरांना तेवढंच हवं होतं. ते ऐटीत पुढे आले. बाई परत मिरेयाशेजारी बसल्या.

"आता तंबू सरांचा. सर तुझे कोण लागतात?"

"कुणी नाही."

"मग झालं तर."

सरांचं पुकारणं म्हणजे आनंदच. एका पत्त्याला दोनदा खाकरत होते. मिरेया न बघता दाणे ठेवत गेली, आणि एकदम तिने असा आवाज काढला की फाटकाबाहेरची कणसंवाली आत डोकावली.

"लोतेरिया!"

तो जत्रेतला आवाज होता. चुचो दचकून जागा झाला. मिरेया उभी राहिली आणि एकेक चित्रावर बोट ठेवत वाचत गेली. अ‍ॅन एग, अ शू, अ‍ॅन अंब्रेला. गाईलाही तिने 'अ'च लावला. सरांनी तक्ता दोनदा तपासला, कुठे काही सापडतंय का ते बघितलं, आणि म्हणाले, "हं. राहू दे तिसरीत."

बाईंना वाटलं, आता तरी पोर हसेल. तर तिचा चेहरा रडवेला.

"बाई, मग आता मी तुमच्या घरची नाही?"

बाईंनी सरांच्या हातातले पत्ते घेतले आणि तिच्या हातात दिले.

"आहेस गं बाई, आहेस. उद्यापासून पत्ते तूच पुकारायचे. मी इथे बसून खेळेन."

मिरेयाने पत्ते छातीशी धरले. थोडा विचार केला.

"पण मग तुम्ही ओरडायचं नाही हं," ती हळूच म्हणाली. "तक्ता भरला तरी."

"नाही ओरडत," ओतिलियाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी बाकावर डोकं टेकलं.