नियम चौसष्टचे पान

मित्रांनो, माझ्यात राजा नाही, परी नाही, चित्र तर एकही नाही. मी सभागृहाच्या कामकाजाच्या नियमांचे एक जुने पुस्तक आहे. पाने एकशे बारा, आवरण निळ्या कापडाचे, तेही कोपऱ्यांना विरलेले. मला आवडीने कोणी वाचत नाही. एका माणसाने मात्र वाचले, जपले, आणि शेवटी मलाच तोंडघशी पाडले.

माझा जन्म सरकारी छापखान्यातला. तेव्हा शिशाचे खिळे हाताने जुळवत. एकेक अक्षर खणातून उचलायचे आणि ओळीत उलटे बसवायचे. माझे खिळे जुळवले ते एका सव्वीस वर्षांच्या जुळाऱ्याने. बाकीचे जुळारी गप्पा मारत हात चालवत. हा मात्र ओळ पुरी झाली की ती वाचत बसे. फोरमन वैतागत.

“अरे, तुला जुळवायला ठेवलंय, वाचायला नाही!”

“वाचल्याशिवाय चूक कशी कळणार, साहेब?”

“नियम वाचून करणार काय? सभागृहात जाऊन बसणार आहेस?”

पाच वर्षांनी तो खरोखरच सभागृहात जाऊन बसला. छापखान्याच्या वस्तीतून तो निवडून आला, त्या दिवशी फोरमननेच मला त्याच्या हातात ठेवले. “घे बाबा, तुझंच काम आहे. आता आमची लाज राख.”

त्याला जागा मिळाली शेवटच्या बाकावर, विरोधी पक्षात. समोरचे सदस्य त्याला चिडवत. “जुळारी, खिळे मोज!” तो नुसता हसे आणि मला उघडे. एके दिवशी पाणीपट्टी वाढवण्याचा ठराव आला. अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे विचारले, “अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे.” मोठा आवाज झाला. “प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे.” त्याहून लहान आवाज झाला. ठराव मंजूर झाल्यात जमा होता. तेवढ्यात जुळारी उभा राहिला.

“अध्यक्ष महोदय, नियम चौसष्ट. माझी हरकत आहे. मते मोजा.”

मित्रांनो, नियम चौसष्ट साधा आहे. आवाजावरून दिलेल्या निर्णयाला एका जरी सदस्याने हरकत घेतली, तरी अध्यक्षांनी मते मोजलीच पाहिजेत. दोन मिनिटे घंटा वाजते, दारे बंद होतात, प्रत्येकाला उभे राहावे लागते आणि त्याचे नाव लिहून घेतले जाते. त्या दिवशी सरकार पक्षाचे चौदा जण उपाहारगृहात चहा पीत होते. घंटा ऐकून ते धावले. एक मंत्री कपासकट पळत आला आणि बंद दारावर येऊन थडकला. ठराव चार मतांनी पडला. दुसऱ्या दिवसापासून ‘जुळारी’ हा शब्द टोमणा राहिला नाही.

पुढची अडतीस वर्षे मी त्याच्या डाव्या हातात होते. कामगारांच्या नुकसानभरपाईचे विधेयक त्याने कलमाकलमाने सोलून काढले आणि बावीस दुरुस्त्या मान्य करून घेतल्या. अर्थसंकल्पावर तो बोलायला उभा राहिला की मंत्री कागद चाळू लागत. त्याने कधी आवाज चढवला नाही, ठरलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट जास्त घेतले नाही. चौसष्टच्या पानाशी मी आपोआप उघडायला लागले, इतक्यांदा त्याने ते उघडले. दर शनिवारी सकाळी ग्रंथालयात तो नव्या सदस्यांना शिकवी. पक्ष कोणताही असो, सगळ्यांना बोलावी.

त्या वर्गात एक परिचारिका येई. डोंगरापलीकडच्या भागातून ती अपक्ष निवडून आली होती. सगळे तिला सिस्टर म्हणत. ती त्याला काका म्हणे.

“काका, मी एकटी. माझ्या एका मताने काय होणार?”

“सिस्टर, एकटीने जिंकता येत नाही. पण एकटीने मोजायला लावता येतं. तेवढं कुणी काढून घेऊ शकत नाही.”

तिने ते वहीत लिहून घेतले. मी टेबलावरच होते.

मग सरकार बदलले. जुळाऱ्याचा पक्ष सत्तेवर आला आणि सत्तराव्या वर्षी तो अध्यक्ष झाला. उंच खुर्ची, समोर माइक, उजव्या हाताशी मी. मला वाटले, आता आपल्याला कोणाशी भांडायला नको.

दोन वर्षांनी दूरच्या गावांतले लहान दवाखाने बंद करण्याचे विधेयक आले. एकोणचाळीस दवाखान्यांना कुलूप लागणार होते. सिस्टरच्या भागातले सात त्यात होते. तिथून मोठे रुग्णालय तीन तासांच्या वाटेवर. त्या गावांतून निवडून आलेले सरकार पक्षाचेही अकरा सदस्य होते. आवाजात आवाज मिसळून ते ‘होय’ म्हणाले असते. पण मते मोजली, तर त्यांना उभे राहून आपल्याच गावाचा दवाखाना बंद करायला नाव द्यावे लागले असते. तशी त्यांची छाती नव्हती. हे सिस्टरला ठाऊक होते. पक्षाच्या नेत्यालाही.

बैठकीपूर्वी नेता अध्यक्षांच्या दालनात आला. चहा आला, तो कोणी प्यायला नाही.

“साहेब, आज मोजामोजी नको.”

“कुणी मागितली तर द्यावी लागते. नियम आहे.”

“नियम तुम्हीच जुळवलेत, आम्ही काय सांगणार!” नेता हसला. मग हसू थांबवून म्हणाला, “पुढच्या महिन्यात अध्यक्षपदाची निवड आहे. तुमचंच नाव घालायचंय. घालायचंय ना?”

जुळाऱ्याने चहाचा कप बाजूला सारला. मला उचलले आणि सभागृहात गेला. तो होकार आहे, असे मला वाटले नाही. इतक्या वर्षांच्या ओळखीवर मी निर्धास्त होते.

‘होय’चा आवाज झाला. ‘नाही’चा झाला. सिस्टर उभी राहिली.

“अध्यक्ष महोदय, नियम चौसष्ट! माझी हरकत आहे. मते मोजा!”

गलका उठला. त्याचा हात माझ्यावर आला. अंगठा त्या पानाच्या कडेला टेकला. मी उघडायला तयारच होते. आणि त्याने तळहात सपाट करून मला दाबून धरले.

“विधेयक मंजूर. सभागृहाची बैठक स्थगित.”

“काका!” ती ओरडली. सभागृहात तिने त्याला काका म्हटले, ते त्या एकाच दिवशी.

घरी त्याची बायको जेवणाच्या टेबलाशी थांबली होती. ती प्रेक्षकांच्या सज्जात बसून सगळे पाहून आली होती.

“सिस्टर उभी होती, अहो.”

“आवाज फार होता. ऐकू नाही आलं.”

“जन्मभर उलटी अक्षरं वाचलीत, आणि समोर उभी असलेली बाई वाचता आली नाही?”

त्याने ताट पुढे ओढले. तिने वाढले आणि ती आत निघून गेली.

पुढच्या महिन्यात अध्यक्षपद दुसऱ्यालाच मिळाले. नेत्याने फोनसुद्धा केला नाही. एकोणचाळीस कुलपे मात्र लागली.

निवृत्तीचा सत्कार थाटात झाला. संसदीय चर्चेतील त्याच्या योगदानावर नऊ जण बोलले. चौदा जणांची चहाची गोष्ट तिघांनी सांगितली, तिन्ही वेळा हशा झाला. दवाखान्यांचे नाव कोणी काढले नाही. कार्यक्रम संपल्यावर तो मला घेऊन सिस्टरपाशी गेला.

“सिस्टर, हे तुझ्याकडे असू दे. माझ्यापेक्षा तुला उपयोग होईल.”

तिने मला हातातही घेतले नाही. “नको, साहेब. मी नवी प्रत घेतली आहे.”

साहेब म्हणाली ती. त्याच संध्याकाळी त्याने मला ग्रंथालयात नेऊन दिले.

आता मी ग्रंथालयाच्या कपाटात आहे. दर आठवड्याला माझ्यावरची धूळ पुसतात. मित्रांनो, मला वाळवीची भीती वाटत नाही, पाणी लागण्याचीही नाही. माझी एकही ओळ पुसली गेलेली नाही, तरी मी फसवले गेले. म्हणून माझी विनंती माझ्या पानांसाठी नाही. तुमच्या वर्गात कधी निवड होईल. फळ्याशी तुम्ही उभे असाल, तुमचा मित्र जिंकत असेल आणि सगळे ओरडत असतील. तेव्हा मागच्या बाकावरची एखादी मुलगी उठेल आणि म्हणेल, हात मोजा. तुमचा मित्र हरेल अशी भीती वाटली तरी मोजा. दोन मिनिटे लागतात.