घरंदाज भोंगा

“हळू गं, हळू! पडलीस तर पडलीस, बोंबलतेस कशाला?”

आईचा हा आवाज मैनेच्या कानात लहानपणीच मुक्कामाला आला तो गेलाच नाही. जिन्यावरून गडगडत खाली आली होती ती तेव्हा. ढोपर फुटलेलं, रक्त पार सँडलमध्ये उतरलेलं. आईनं आधी तिच्या तोंडावर हात ठेवला. ढोपराची पाळी नंतर आली. शेजारीण डोकावली तर आई हसून म्हणाली, “काही नाही हो, खेळतेय.” पुढे मुलगी इतकं हळू बोलायला शिकली की घरानं कौतुकानं तिचं नावच मैना ठेवलं. खरी मैना पहाटे केवढा कलकलाट करते, हे नाव ठेवणाऱ्यांनी कधी ऐकलं नसावं.

मोठी झाल्यावर मैना चष्म्याच्या दुकानात काचा घासू लागली. फिरत्या चाकावर काच धरायची, पाण्याचे तुषार मनगटावर झेलायचे, कड फ्रेमच्या मापाला आणायची, आणि काच खोबणीत टिच्‌ करून बसली की आपणही जगात कुठेतरी नीट बसलो, असं तिला वाटायचं. दुकान सुटताना मात्र ती आधी दाराच्या काचेतून बाहेर डोकावायची. कारण अधूनमधून बाहेर स्कूटर उभी असायची, आणि स्कूटरवर भाऊजी.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान, घरचे जावईबापू, आईच्या मते देवमाणूस. या देवमाणसाच्या स्कूटरचा ब्रेक फार जोरात लागायचा. वळणावर त्यांचा एक हात मागे यायचा आणि मैनेच्या गुडघ्यावर विसरून राहायचा. “पडशील हो,” ते प्रेमानं म्हणायचे.

सांगायचं कुणाला? ताईचा संसार काचेचा, आणि काच कशी तडकते ते मैनेइतकं कुणाला ठाऊक? शिवाय मुलींच्या सगळ्या दुखण्यांवर या घरात एकच औषध होतं: “त्रास होतो ना? मग घरी बस.” म्हणून तिनं अर्धंच सांगितलं. “बाबा, दुकानातून येताना कुणीतरी मागे मागे येतं.”

कोण येतं, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. निर्णय मात्र पटापट झाले. बाबांनी मैनेच्या पर्ससाठी धोक्याचा भोंगा बनवायचा, आणि तो होईपर्यंत जावईबापूंनी मैनेला रोज घरी आणून सोडायचं. उंदरानं गाऱ्हाणं घातलं आणि घरानं रखवालीला मांजर नेमलं.

बाबा दारावरच्या घंटा आणि जुने रेडिओ दुरुस्त करत. हात सोन्याचा. त्यांनी कपडे वाळत घालायचा चिमटा घेतला, त्याच्या दोन्ही ओठांना आतून एकेक पितळी पिन टोचली, पिनांना तारा जोडल्या, एक तार बॅटरीला, एक भोंग्याला. मग आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणाची एक पट्टी कापून चिमट्याच्या ओठांत सरकवली आणि तिला दोरी बांधली.

“बघ मैने, पट्टी मध्ये आहे तोवर हा गप्प. दोरी ओढलीस, पट्टी निघाली, की पिनेला पिन भेटते आणि बोंब सुरू.”

“म्हणजे माणसाच्या उलट,” मैना म्हणाली. “ओठ मिटले की ओरडतो.”

बाबा हसले. तिनं दोरी ओढली, आणि कपाटातल्या बश्या थरथरल्या.

“अगंबाई, बंद करा ते!” आई धावत आली. “शेजारी म्हणतील, यांच्या घरात झालं तरी काय?”

भाऊजी सोफ्यावर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. “बाबा, कारागिरीला तोड नाही तुमच्या. पण आवाज जरा उघडावाघडा वाटतो. घरंदाज मुलीच्या पर्समधून असा आवाज बरा दिसत नाही.”

जावयाचा शब्द! बाबांनी भोंग्याच्या तोंडाशी स्पंज कोंबला. चुकून वाजू नये म्हणून, भाऊजींच्याच सूचनेनं, वर एक खटका बसवला: आधी खटका सरकवायचा, मग दोरी ओढायची. आईनं कापूस भरून त्याला मऊ पिशवी शिवली. शिवता शिवता गुणगुणत होती:

लेक बोले ओठांआड, जसं पाणी रांजणात,
वारा येऊन विचारी, कोण आहे गं घरात?

सगळं झाल्यावर भोंगा वाजवून पाहिला. काडेपेटीत कोंडलेला डास.

“आता कसा शोभतो!” आई म्हणाली.

“पण चोराला ऐकू जाईल का हा?” ताईनं विचारलं. ताई सहसा काही विचारत नसे.

“चोराला कशाला ऐकू जायला हवाय?” भाऊजी म्हणाले. “हिला धीर आला म्हणजे झालं.” सगळ्यांनी माना डोलावल्या. घरात शहाणपण ऊतू चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात, चष्म्याचे स्क्रू पिळायच्या इवल्या पेचकसानं, मैनेनं भोंगा उघडला. कापूस काढला, स्पंज काढला, खटक्याच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळून टाकल्या, म्हणजे खटका असून नसल्यासारखा. खाली बाबांचा मूळ भोंगा जसाच्या तसा होता, बिचारा. तिनं पिशवी वरून पुन्हा नीट चढवली.

सुट्टीच्या दिवशी बाबांना सगळ्यांसमोर प्रात्यक्षिक दाखवायची हौस आली. पण चोर कोण होणार?

“मी होतो ना चोर!” भाऊजी उठले.

“तुम्हाला कसलं जमतंय हो ते!” आई लाजून हसली.

जमलं. त्यांनी मैनेचं उजवं मनगट धरलं, आणि अंगठा नेहमीच्या सवयीनं आतल्या नसेवर फिरायला लागला. सगळ्यांच्या देखत. मैनेनं डाव्या हातानं दोरी ओढली.

खिडकीची तावदानं झणझणली. जिन्यातली दारं धडाधड उघडली. वरच्या मजल्यावरचे मास्तर अर्धी दाढी घोटलेल्या गालानं दारात येऊन उभे राहिले. क्षणभर बाबांचा चेहरा उजळला, हा आपल्याच मूळ भोंग्याचा आवाज, हे त्यांनी ओळखलं. मग लगेच उतरला. आईचे ओठ हलत होते. “हळू, हळू” म्हणत असणार, ऐकू कुणाला येतंय! भाऊजींनी मनगट सोडलं होतं, आणि ते दोन्ही हात हलवून ओरडत होते, “पट्टी! पट्टी घाला आधी!”

पट्टी मैनेच्या बोटाला लोंबत होती. ताईनं ती ओढून घेतली. पण घातली नाही. बहिणीच्या लाल झालेल्या मनगटाकडे पाहत तिनं ती मुठीत आवळली. या घरात कुणी न विचारलेला प्रश्न तिनं विचारला, आणि भोंग्यामुळे तो तिला घसा फोडून विचारावा लागला:

“मागे कोण येतं गं तुझ्या?”

मैनेला आयुष्यात पहिल्यांदाच हळू बोलायची सोय उरली नव्हती.

“मागे कुणीच येत नाही, ताई!” ती ओरडली, मास्तरांना, जिन्याला, खालच्या रस्त्याला ऐकू जाईल अशी. “तो पुढे बसलेला असतो! स्कूटरवर! तुझाच नवरा!”