पिशवीत कसली पिशवी?

मी एक जुनी कापडी पिशवी आहे, मित्रांनो. सध्या मी भिंतीवर, काचेच्या आत राहते. माझ्याखाली एक चकचकीत पट्टी आहे आणि तिच्यावर माझे कौतुक कोरलेले आहे. आमच्या जातीत एवढा मान कोणाला मिळाल्याचे मी तरी ऐकलेले नाही. पण ज्यांनी ते कोरून घेतले त्यांनी मला काही विचारले नव्हते, म्हणून माझी हकीकत मीच सांगते. ती मुलांना सांगण्यासारखी नाही असे कोणी म्हणेल. पण ती घडली तेव्हा मुलेच सगळ्यांत पुढे उभी होती.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेच्या गणवेशांचे दिवस होते आणि कापून उरलेले कापड फेकणे मास्तरांच्या जिवावर येई. गणवेशाचे निळे तुकडे आणि पँटच्या खिशांना लावतात ते पांढरे जाड कापड जोडून त्यांनी मला बेतले. धरायचे बंद अंगाला जोडले तिथे चौकोन शिवून आत फुली मारली. मग दोन्ही बंद धरून मला असे काही ताणले की माझा जीव कळवळला.

"जा, बटाटे भरून आण," ते बायकोला म्हणाले. "फाटली तर माझं नाव बदल."

"नाव राहू दे, आधी स्वतःच्या शर्टाला बटण लावा," ती म्हणाली. "जगाचे कपडे शिवता आणि स्वतः टाचणी लावून हिंडता."

मी फाटले नाही. बटाटे, धान्य, तेलाचे डबे, त्या घरातले सगळे मी वाहिले, इस्त्रीतले जळते कोळसे तेवढे सोडून. माझे कौतुक झाले नाही. मला त्याचे वाईटही वाटले नाही, कारण तेव्हा प्रत्येकाच्या हातात पिशवी असेच. हात आहे म्हणून हाताचे कौतुक कोण करतो?

मग त्या आल्या. प्लास्टिकच्या, पातळ, सरसर वाजणाऱ्या, फुकट मिळणाऱ्या. दुकानदार स्वतःहून हातात देई, न धुता फेकता येई. मास्तरांची बायकोही भुलली. मी दारामागच्या खिळ्यावर गेले, तिथून शिलाई मशीनचे तेल पुसायला उतरले. त्या पातळ बाया गटारात अडकल्या, पाणी तुंबले, रस्त्यावरून दुकानात शिरले आणि गिऱ्हाइकांचे कपडे भिजले, तेव्हा मला आनंद झाला. तो मी लपवत नाही. तुंबलेल्या गटारातून त्यांचा गोळा बाहेर काढताना पाहून मी मनात म्हटले, घ्या आता फुकटचे.

पुढे बायको वारली, मास्तरांचे डोळे अधू झाले, दुकान बंद झाले. मशीन, कात्री आणि मशीनच्या खणात कोंबलेली मी, एवढा संसार घेऊन मास्तर मुलाच्या घरी राहायला आले. तिसरा मजला, उजेडाची खोली. मुलगा कामावर जाई आणि घरी आला की गप्प बसे. घर चालवायची ती सूनबाई.

सूनबाई वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही तिच्यावर सगळे ढकलून मोकळे व्हाल. तिला मनापासून पृथ्वीची काळजी होती. भाजी धुतलेले पाणी ती कुंड्यांना घाली, सालींचे खत करी, रिकाम्या खोलीत दिवा दिसला की तिला चैन पडत नसे. यातले काहीच चुकीचे नाही. ती इमारतीच्या हरित समितीची अध्यक्ष झाली तेव्हा सगळ्यांना बरे वाटले. दारावर पाटी लागली, 'हे घर प्लास्टिकमुक्त आहे.' संध्याकाळी वीज वाचवायची म्हणून लिफ्ट बंद होऊ लागली. मास्तरांच्या खोलीतला पंखा दुपारी बंद राहू लागला, कारण त्या खोलीत वारा येतो असे ठरले होते.

एकदा मशीनचा खण उघडताना तिला मी सापडले. तिने मला दोन्ही हातांत धरले आणि तिचे डोळे चमकले. दुसऱ्याच दिवशी इमारतीच्या सभेत मी सगळ्यांसमोर उंच झाले. "बघा, आमच्या सासऱ्यांनी शिवलेली. एवढी वर्षं झाली, एक टाका उसवला नाही. हाच आपला मार्ग!" टाळ्या पडल्या. मी, मशीनचे तेल पुसणारी, टाळ्या ऐकत होते. माझे बंद ताठ झाले.

मग प्रत्येक घराला एक पिशवी द्यायचे ठरले आणि शिवायची मास्तरांनी. जुन्या चादरी, जुने पडदे यांचा ढीग खोलीत येऊन पडला. मास्तर खुशीत होते. पुन्हा मशीन फिरत होते, पुन्हा कोणीतरी "मास्तर, झाली का?" म्हणत होते. ते सकाळी बसत ते उठतच नसत. पाण्याचा तांब्या भरलेला तसाच राही, कारण पाणी प्यायले की उठावे लागते. त्या पिशव्या घरोघर गेल्या आणि बहुतेक घरांत दारामागे लटकल्या. लोकांना छापील मजकुराच्या नव्या पिशव्या अधिक आवडत. त्या प्रत्येक समारंभात वाटल्या जात आणि सूनबाईच्या कपाटात इतक्या साठल्या की दार लावायला गुडघा लावावा लागे.

त्या सगळ्यात मास्तरांना एकच हौस होती. संध्याकाळी फाटकाबाहेरच्या बाकावर त्यांचा जुना शेजारी, न्हावी, येऊन बसे. दोघांची दुकाने एका भिंतीला लागून होती.

"मी कापलेलं पुन्हा वाढतं," न्हावी म्हणे. "तू कापलेलं कधी वाढलंय का? म्हणून माझं दुकान चालू आहे आणि तुझं बंद."

"तुझं चालू नाही, तुला कोणी बंद कर म्हणत नाही," मास्तर म्हणत. एवढ्यावर दोघे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. उरलेला दिवस मास्तर त्या बाकासाठी ढकलत, हे मी पाहत होते.

एक दिवस मास्तरांची लघवी अडली. दवाखान्यात नेले, डॉक्टरांनी नळी घातली आणि नळीच्या टोकाला पिशवी लावली. जाड, पारदर्शक, खाली तोटी असलेली. प्लास्टिकची. "ही आता राहणार," डॉक्टर म्हणाले. "भरली की रिकामी करायची. फार भरू द्यायची नाही. हिंडाफिरायला काही हरकत नाही."

हिंडाफिरायला हरकत डॉक्टरांची नव्हती. सूनबाई फोनवर समितीच्या बाईला म्हणाली, "बाबांना पिशवी लावलीय." इमारतीतल्या या बाईला सगळे तपासनीस काकू म्हणत. ती पलीकडून आनंदाने ओरडली, "वा! त्यांनाही सवय लावलीत? शाब्बास!" सूनबाईने चूक सुधारली नाही. स्पर्धा तोंडावर आली होती. शहरातल्या इमारतींमधून सर्वांत हरित इमारत निवडायची होती आणि परीक्षक घराघरांत पाहणार होते. तिने फोन ठेवला आणि मास्तरांना म्हणाली, "बाबा, काही दिवस खाली नका जाऊ. लोक नाही नाही ते विचारतात."

मास्तर काही दिवस थांबले. बाकावर न्हावी एकटा बसलेला त्यांना खिडकीतून दिसे. शेवटी त्यांनी शिंप्याची युक्ती काढली. पायजम्याची बाजूची शिवण थोडी उसवून तिथे बटणाला करतात तसे काज केले, नळी बाहेर काढण्यापुरते. मग मला खुंटीवरून काढले आणि माझ्याही कुशीत कात्री घातली. मला दुखले. पण काजाच्या कडा त्यांनी इतक्या बारीक टाक्यांनी बांधल्या की अधू डोळ्यांनी ते कसे जमले मला कळले नाही. नळी काजातून आत आली आणि ती पिशवी माझ्या पोटात उतरली.

माझी वैरीण, माझ्या पोटात! आणि ती कोमट होती. मला शिसारी आली. पण जिना उतरताना मास्तर प्रत्येक पायरीवर थांबत होते आणि ती न हलता, न सांडता आपले काम करत होती. गटारे तुंबवणाऱ्या तिच्या बहिणींशी तिचे काही नाते असावे असे मला वाटेना. तिला कोणी उंच धरून टाळ्या वाजवणार नव्हते. पण ती नसती तर मास्तर जगले नसते.

तो नेमका परीक्षकांचा दिवस होता. मास्तरांना कोणी सांगितलेच नव्हते. फाटकापाशी टेबल मांडून तपासनीस काकू येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातातल्या पिशव्या तपासत होत्या. प्लास्टिक दिसले की काढून पेटीत. मुलांना हा खेळ फार आवडला होता. ती टेबलाभोवती घोळका करून उभी होती आणि पेटीत पिशवी पडली की ओरडत होती.

"अरे वा, आजोबा, तीच ती पिशवी! काय आहे आत?"

मास्तर गोंधळले. "पिशवी आहे."

"पिशवीत कसली पिशवी?"

"ती... लावलेली. प्लास्टिकची."

मुले आनंदाने किंचाळली. काकूंनी कपाळाला हात लावला. "अध्यक्षांच्या घरातच? काढा ती, आजोबा. लोक बघतायत."

"काढता येत नाही, बाई."

"सगळे असंच म्हणतात!" असे म्हणून काकूंनी हसत हसत माझ्यात हात घातला आणि हिसका मारला.

मास्तर ओरडले नाहीत. त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला आणि ते पोटाशी वाकले. नळी पिशवीतून निसटली. लघवी फरशीवर, मास्तरांच्या चपलांवर, माझ्यावर सांडली. मग एक मूल म्हणाले, "आजोबांनी शू केली!" आणि मुले हसली. मुलांचे मी समजू शकते. पण मागे उभी असलेली मोठी माणसेही हसली. तोंडावर रुमाल धरून, पण हसली.

काकूंच्या हातात ती रिकामी पिशवी होती. त्यांना कळले तसा त्यांचा चेहरा उतरला आणि त्यांनी घाईघाईने ती पेटीत टाकली. दुसरे काय करावे त्यांना सुचले नसावे.

तेवढ्यात परीक्षकांना घेऊन सूनबाई जिना उतरून आली. परीक्षकांतल्या एकाने नाकाला हात लावून विचारले, "हे कोण?"

सूनबाईने मास्तरांकडे पाहिले. ओल्या पायजम्याकडे पाहिले. लोंबत्या नळीकडे पाहिले.

"आमचे शिंपी आहेत," ती म्हणाली. "पिशव्या शिवून देतात."

मित्रांनो, मास्तरांना तिची लाज राखायची होती. ते तिला घरात नेहमी 'बाळ' म्हणत. ते वाकल्या वाकल्याच म्हणाले, "हो ताई. शिंपीच. येतो मी, ताई."

आणि शिंपी म्हटल्यावर घरी तर जाता येईना. ते फाटकाबाहेर गेले. समोरच्या फुटपाथवर, ओल्या कपड्यांनी, नळीचे टोक मुठीत धरून उभे राहिले. न्हावी धावत आला, त्याने खांद्यावरचा टॉवेल त्यांच्या कमरेला गुंडाळला आणि म्हणाला, "चल वर." मास्तर म्हणाले, "पाहुणे आहेत. गेले की जातो." परीक्षक चहा घेऊन, खताचे खड्डे पाहून, फोटो काढून निघेपर्यंत अंधार पडत आला. मुलगा कामावरून आला तेव्हा बाप रस्त्यावर उभा होता. सगळे ऐकून तो म्हणाला, "बाबा, एवढा एक दिवस घरात बसला असतात तर?"

इमारतीला पहिले बक्षीस मिळाले. सूनबाईने मला स्वतःच्या हातांनी धुतले, उन्हात वाळवले, इस्त्री केली आणि चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगले. काजाची बाजू भिंतीकडे आहे. पाहुण्यांना ते दिसत नाही. तपासनीस काकू आल्या की माझ्याकडे पाहत नाहीत. न्हावी काही दिवस खालून हाका मारत होता. "बाबा झोपलेत," असे त्याला सांगितले जाई. मग त्याने येणे सोडले. "हल्ली त्यांनाच कुठे जावंसं वाटत नाही," सूनबाई लोकांना सांगते. आता ते खरेही आहे.

आता माझी शिकवण. प्लास्टिकची पिशवी नाकारा. बाहेर पडताना कापडी पिशवी आठवणीने घ्या आणि फाटेपर्यंत वापरा, नव्या नव्या जमवत बसू नका. पाणी वाया घालवू नका. हे सगळे खरे आहे आणि मी ते मनापासून सांगते.

मात्र मला जपा असे मी सांगणार नाही. मला फार जपले जाते. काचेवर धूळ दिसली की सूनबाई हातातले काम टाकून पुसते. आत्ताही पुसते आहे, मऊ कापडाने, हळुवार. आतल्या खोलीतून मास्तरांचा आवाज येतो आहे. मोठा नाही, कोणाला त्रास होऊ नये एवढाच.

"बाळ, पिशवी भरली."

सूनबाई म्हणते, "आले हं, बाबा," आणि काचेचा दुसरा कोपरा पुसायला घेते.

मित्रांनो, तुमच्या घरातून अशी हाक आली तर कोणती पिशवी ते विचारत बसू नका. उठा.