दोन गावांचा एकच भोंगा

मी इनामगाव बोलतोय. घोडनदीकाठचं खरं गाव वेगळं. मी तेजश्रीच्या लॅपटॉपमधल्या प्रोग्रॅमचा एक तुकडा, त्या गावाच्या नावाचा ऑब्जेक्ट. उसाच्या कडेच्या कॅमेऱ्याला बिबट्या दिसला की गावातला भोंगा वाजवायचा, एवढंच माझं काम.

माझा जन्म आजचाच. माझ्याआधी मांडवगण होता. मांडवगण फराटा हे तेजश्रीचं सासर. लग्न नुकतंच झालेलं. तिनं मांडवगणची प्रत काढली, नाव बदललं, कॅमेरे बदलले आणि मला उभं केलं. भोंगा मात्र नवा दिला नाही. माझ्याकडं आला तो मांडवगणच्या भोंग्याचा नुसता पत्ता. वरून आम्ही दोघं वेगळे, आत भोंगा एकच. तिच्या ते ध्यानात आलं नाही आणि मला सांगता येईना. ऑब्जेक्टला विचारलं तरच बोलता येतं. तीही तशीच, या घरात तिचा आवाज अजून भांड्यांनीच काय तो ऐकला होता.

सासूबाई, सोजराबाई, विळा घेऊन निघाल्या. "घास कापून आणते म्हशीला."

"आई, दिवस कलतोय."

"तुजा भोंगा हाय की. कशाला भ्यायचं?"

त्या गेल्या. चाचणीपायी इनामगावचे लोक उगाच घाबरायला नकोत, म्हणून तेजश्रीनं माझा भोंगा बंद केला. मांडवगणचाही बंद झाला.

थोड्या वेळानं पडद्यावर लाल अक्षरं उमटली: मांडवगण, बिबट्या, घासाचा बांध. तेजश्रीनं भोंग्यासाठी कान दिला. बाहेर म्हशीची साखळी तेवढी वाजली. तिनं सासूबाईंना फोन लावला. तो आतल्या खोलीतच वाजला. मांडवगणचा भोंगा पाहिला, बंद. माझा पाहिला. पत्ता तोच. तिनं तो चालू केला आणि ओरडतच बांधाकडं धावली.

"आई, माघारी या!"

सासरे आनंदराव काठी घेऊन मागोमाग धावले. काही क्षणांनी भोंगा वाजू लागला. मला पुढचं दिसत नव्हतं. नुसता भोंगा, बराच वेळ.

मग ओसरीवर पावलं आली. "घास तिथंच टाकला बया," सोजराबाई धापा टाकत म्हणाल्या. "आन् तुला येवढा आवाज हाय व्हय गं? भोंग्याच्या आधी तूच ऐकू आलीस."

"भोंगा मीच बंद केला होता, आई. चुकून."

तिनं लॅपटॉप पुढं ओढला.

"मंग बसा, सूनबाई," आनंदराव म्हणाले. "नीट करूनच उठा. भाकरीचं आमी बघतो."

"तुमी?" सोजराबाई म्हणाल्या.

तिनं ते नीट केलं; आता माझा भोंगा माझा आहे. उद्या पुढच्या गावासाठी माझीही प्रत निघेल. काढा. पण त्याला त्याचा भोंगा द्या, आणि एकाचा बंद करून दुसऱ्याचा वाजतो का, ते आधी ऐका. रानात कुणीतरी भोंग्याच्या भरवशावर गेलेलं असतं.