उसात उतरलेली पाठराखीण

धनत्रयोदशीला कणकेचा यमदीप दक्षिणेकडे तोंड करून कोऱ्हाळ्यात घरोघर ठेवतात. आमच्या घराण्यात एक गोष्ट जास्तीची आहे. दिव्यामागे उकिडवं बसायचं आणि ज्योतीच्या वरून, आभाळाच्या तळाशी असलेली एक मिणमिणती चांदणी प्रत्येकानं बघायची. नवरीबरोबर सासरी जाते ती पाठराखीण. या चांदणीलाही आम्ही तेच म्हणतो. ती दिसली की पुढच्या दिवाळीपर्यंत घोर नाही. माझ्या थोरल्या भावाला, हिंदुरावला, एका वर्षी ती दिसली नव्हती. त्याच्या फोटोला हार आहे.

यंदा माझी बायको कौसल्या हिचं हृदयाचं ऑपरेशन बारामतीत ठरलं होतं, भाऊबीज झाली की लगेच.

मुलगा दिग्विजय बघून उठला, सून रेश्मा उठली. मीही बघितली. अंगणापुढच्या उसाच्या शेंड्यांवर हातभर, जिथं असते तिथंच. मग कौसल्या बसली. बराच वेळ उठेना.

"दिसंना ओ."

"चष्मा पूस."

"पुसलाय की. वर काय न्हाय."

"मोतीबिंदू असंल आई," दिग्विजय म्हणाला. "डॉक्टरला म्हणू, आलोयच तर डोळंबी बघा."

रेश्मानं त्याला कोपरानं ढोसलं.

"थांबा," कौसल्या म्हणाली. "हाय. पण खाली हाय. उसात."

चार-सहा सऱ्या आत, उसाच्या बुडाशी तेवढाच फिकट उजेड होता. हलत नव्हता. दिग्विजय बॅटरी घेऊन आत शिरला. पायाखाली उसाचं वाळलं पाचट वाजत गेलं आणि थांबलं.

"हितं काय न्हाय!" तो ओरडला.

आम्हाला अंगणातून दिसत होतं. उजेड त्याच्या गुडघ्याला लागून होता.

मी वर बघितलं. शेंड्यांवरची जागा रिकामी होती.

"माझ्यासाठी उतरली," कौसल्या म्हणाली.

"राखायला का न्यायला?" मी विचारलं.

"ते तिलाच इचारा."

ऑपरेशन नीट झालं. कौसल्या घरी आली, स्वयंपाकघरात रेश्माच्या चुका काढू लागली. संध्याकाळी मात्र पायरीवर येऊन बसायची. उजेड तिथंच असायचा.

मग कारखान्याची तोड आली. मी मुकादमाला सांगितलं, अंगणापुढचा तुकडा सोड.

"कुणासाठी आबा? बिबट्याला ठेवताय व्हय?" तो हसला. टोळीही हसली.

मी पाणी प्यायला वळलो तेवढ्यात कुणीतरी त्या तुकड्याच्या कडेला कोयता घातला. पायरीवर कौसल्येच्या हातातलं ताट खाली पडलं. ती छाती धरून खाली बसली होती, ओठ निळे. मी ओरडलो. कोयता थांबला. थोड्या वेळानं तिचा श्वास जाग्यावर आला.

"तोडू नका म्हणावं," एवढंच बोलली.

आता सगळं रान मोकळं झालंय आणि मधे तेवढा तुकडा उभा आहे. त्याला तुरे आले, ते झडले. पानं वाळत चालली. येणारेजाणारे विचारतात, दिग्विजय त्यांना काहीबाही सांगतो. शेजारी पाचट पेटवायला निघाला की मी काठी घेऊन बांधावर जाऊन उभा राहतो.

जन्म उसात गेला माझा. तरी न तोडलेला ऊस किती दिवस उभा राहतो, हे मला कुणाला विचारवत नाही.